चालू स्थितीत

१४ ऑक्टोबर २०२५ नंतर मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची मोफत डागडुजी बंद केली आणि आमच्या नात्यातल्या निदान चार नोकरदारांच्या टेबलावरचे संगणक एका रात्रीत म्हातारे झाले. विंडोज ११ घालावं म्हटलं तर त्याला टीपीएम नावाची चिप हवी, अलीकडच्या पिढीचा प्रोसेसर हवा. या यंत्रांत दोन्ही नाही. एका पुतण्याने रीतसर अर्ज केला की संगणक बदलून मिळावा. वरून एका ओळीचं उत्तर आलं: सदर संगणक चालू स्थितीत असल्याने मागणी विचारात घेता येत नाही.

"काका, चालू होतो हे खरंच आहे," तो फोनवर म्हणाला. "दहाला बटण दाबलं की साडेदहाला चालू होतो."

त्या 'चालू स्थितीत'ने मला हसू आलं. चौतीस वर्षं मास्तरकी केली, बहुतेक काळ इतिहास शिकवला. फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं पोरांकडून घोकून घेतली, पण कचेरीच्या टेबलावर बसलेल्या यंत्राचा इतिहास काही कुठल्या पाठ्यपुस्तकात नव्हता. तो आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या अंगाने लिहून बघतो. नातेवाईक मंडळींना त्यातलं बरंच ओळखीचं वाटेल, काहींना कदाचित स्वतःचं टेबलही दिसेल.

सुरुवात टाइपरायटरपासून करावी लागते. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, पाठोपाठ १९६४ चा राजभाषा अधिनियम आला. कारभार मराठीत, म्हणजे मराठी टंकलेखन यंत्रं आली. ही यंत्रं म्हणजे बघा, मोठी हिकमत होती. देवनागरीची जोडाक्षरं शेकडो, आणि कळा मोजक्या. मग अर्धी अक्षरं वेगळी, काना वेगळा, आणि काही मात्रा-वेलांट्यांच्या कळा अशा की त्या दाबल्या तरी गाडा पुढे सरकत नसे. चिन्ह उमटायचं आणि अक्षर त्याच जागी येऊन बसायचं. सरकारी नोकरीत लिपिक-टंकलेखकाला मराठी मिनिटाला ३० शब्द आणि इंग्रजी ४० शब्दांचं प्रमाणपत्र लागे. आमच्या पिढीतल्या कित्येक पोरांनी मॅट्रिक झाल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर टायपिंगचा क्लास लावला.

गोदरेजने १९५५ मध्ये देशी बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला आणि २००९ च्या सुमारास तो बनवणं थांबवलं. मधल्या पन्नासेक वर्षांत यंत्रात सुधारणा झाल्या, पण टाइपिस्टच्या दृष्टीने फरक किरकोळ. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही की टाइपरायटर जुना झाला म्हणून हळू होत नसे. १९६५ चं यंत्र १९९० मध्येही मिनिटाला तीसच शब्द देई, कारण वेग माणसाच्या बोटांत होता. यंत्राची देखभाल म्हणजे ब्रश, थोडं रॉकेल, 'ब' आणि 'अ'च्या पोटात साचलेली शाई उकरायला एक टाचणी आणि वेळेवर रिबन. हे सगळं टाइपिस्टच्या खणात असे. साहेबाकडे जावं लागलंच तर ते रिबनसाठी. आणि पत्राचा मसुदा १९६५ मध्ये जसा होता तसाच १९९० मध्ये. काम बदललं नाही, म्हणून यंत्रही म्हातारं झालं नाही.

संगणक आला तेव्हा हे गणित बदललं, पण ते कुणाच्या पटकन लक्षात आलं नाही.

मराठी संगणकावर आणण्याचं मोठं काम आधी आयआयटी कानपूरला आणि मग पुण्याच्या सी-डॅकमध्ये झालं. सी-डॅक १९८८ ची. त्यांचं जिस्ट कार्ड संगणकाच्या पोटात बसवलं की इंग्रजी यंत्र देवनागरी लिहू लागे. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झालं, कळफलकासाठी इन्स्क्रिप्ट होता. म्हणजे पाया सुरुवातीला चांगलाच घातला होता. मग विंडोज आलं आणि बाजारात फॉन्टचे कारखानदार आले. श्रीलिपी, आकृती आणि आणखी किती तरी. प्रत्येकाची अक्षरांची आतली क्रमवारी वेगळी. चंद्रपूरच्या कचेरीतून फ्लॉपीवर गेलेलं पत्र गडचिरोलीला उघडावं तर पडद्यावर किडे-मुंग्या. पत्र वाचायचं तर तोच फॉन्ट हवा, तो विकत घ्यायचा तर मंजुरी हवी. शेवटी काय करायचे, तर छापील कागद एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायचे. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, तरी कागदांचा एसटी प्रवास पुढे बरीच वर्षं चालू राहिला.

यावर उपाय युनिकोडचा. देवनागरी त्यात १९९१ पासून आहे. पण सामान्य कचेरीत ते वापरता यायला विंडोज २००० किंवा २००१ चं एक्सपी लागे, आणि एक्सपीतही कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन भारतीय लिप्यांची सोय वेगळी बसवावी लागे. तेव्हा यंत्र मूळ सीडी मागे. ती सीडी कुणाकडे? पुरवठादाराकडे. पुरवठादार कुठे? नागपुरात. तोही फोन उचलेल तर. आणि कचेरीत विंडोज ९८ असेल तर प्रश्नच मिटला. एकविसाव्या शतकाची पहिली दहा-बारा वर्षं आपल्या सरकारी मराठीचा मजकूर जुन्या फॉन्टात अडकून पडला याचा दोष लोक लिपिकांच्या आळसाला देतात. मला तो अन्याय वाटतो. यंत्र जुनं म्हणून फॉन्ट जुना, आणि फॉन्ट जुना म्हणून शेजारच्या टेबलाशीही बोलता येत नाही, अशी ती साखळी होती.

त्याच २००१ मध्ये राज्य ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी कोर्स आला. सरकारी नोकर आणि शिक्षकांना तो सक्तीचा झाला. पन्नाशी उलटलेल्यांना सूट होती. २००७ च्या डिसेंबरअखेर ज्यांनी तो केला नाही त्यांच्या वेतनवाढीवर गदा आली. आमच्या शाळेतले तरुण शिक्षक उन्हाळ्याच्या सुट्टीत तालुक्याच्या गावी जाऊन, घरून पैसे भरून शिकून आले. शिकले ते एक्सपीवर, वातानुकूलित खोलीत. आणि परत आले ते विंडोज ९८ जवळ.

आता आमच्या शाळेतल्या त्या संगणकाबद्दल सांगतो. शाळेचं नाव सांगत नाही; जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेचं घाला, चालेल. कचेरीत एकच संगणक, २००२ साली आलेला. त्याच्यासमोर आमचे लिपिक, त्यांना सगळे बाबूजी म्हणत. पगारपत्रकं, दहावीचे अर्ज, शिष्यवृत्तीच्या याद्या, दाखले, सगळं त्या एका डब्यातून निघे. पहिली दोन वर्षं बरी गेली. मग तो कण्हायला लागला.

बाबूजींनी जे जे केलं त्याची यादी आज आठवली तरी थक्क व्हायला होतं. प्रार्थनेच्या आधी बटण दाबून ठेवायचं, म्हणजे परिपाठ संपेपर्यंत पडदा दिसेल. दोन फाइली एका वेळी उघडायच्या नाहीत. पडद्यावरचं चित्र काढून टाकायचं. महिन्यातून एकदा झाकण उघडून, सायकलच्या पंपाने धूळ उडवायची, मेमरीची पट्टी काढून तिची सोनेरी टोकं पोरांच्या खोडरबरने घासायची आणि परत बसवायची. हा खोडरबरचा उपाय ऐकून हसू नका, तो खरंच लागू पडतो. टोकांवर गंज-मळ बसला की संगणक फक्त टीं टीं करतो. मदरबोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी संपली होती, त्यामुळे वीज गेली की यंत्र तारीख विसरायचं आणि थेट जुन्या कुठल्या तरी १ जानेवारीला जाऊन बसायचं. बाबूजी रोज सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून संगणकाला आजची तारीख सांगत. एखाद्या दिवशी राहिलं तर पोराचा दाखला पोराच्या जन्माआधीचा निघायचा.

आणि वीज तर जायचीच. २००५ ते २००८ च्या त्या भारनियमनाच्या काळात खेड्यापाड्यांत दिवसाचे कित्येक तास अंधार. ऊर्जानगरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता तेव्हा २३४० मेगावॉट. त्याची धुराडी आमच्या चंद्रपूरकरांना घराच्या गच्चीवरून दिसायची, राख अंगणात यायची, फक्त वीज तेवढी यायची नाही. यूपीएसची बॅटरी केव्हाच गेलेली. तर बाबूजी काय करत, तर रात्री जेवण करून शाळेत येत. रात्री वीज असे. अकरा-साडेअकरापर्यंत पगारपत्रकं करत आणि शिपाई बाहेर ओसरीवर शेकोटी करून बसे. मार्च महिन्यात हे रोजचंच होतं.

नवा संगणक का मिळत नव्हता? एक तर पैसे नव्हते. अनुदानित शाळांचं वेतनेतर अनुदान २००४ नंतर कित्येक वर्षं बंद होतं. खडू आणायचा तरी वर्गणी. पण पैशांहून मोठी अडचण होती डेडस्टॉक रजिस्टरची. ज्यांनी शाळा-कचेरीत काम केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: प्रत्येक टिकाऊ वस्तूची त्यात नोंद असते, खुर्चीपासून घंटेपर्यंत. दरवर्षी पडताळणी होते आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं जातं, 'चालू स्थितीत' किंवा 'नादुरुस्त'. वस्तू नादुरुस्त ठरली की निर्लेखनाचा प्रस्ताव जातो, तो मंजूर झाला की जागा रिकामी होते, मग नव्या वस्तूची मागणी करता येते. आमचा संगणक नादुरुस्त ठरेल कसा? पडताळणीला साहेब येत तेव्हा बाबूजींनी सकाळीच खोडरबर फिरवलेला असे, तारीख बसवलेली असे, पडदा लखलखीत. साहेब बटण दाबून बघत. चालू. पुढची वस्तू.

मला तेव्हा हे नीट कळलं नव्हतं, इतिहासाच्या पुस्तकात लक्ष होतं. बाबूजींची प्रत्येक रात्र त्या एका रकान्यात जमा होत होती आणि तिथे तिचं नाव 'चालू स्थितीत' असं पडत होतं. माणसाने जितकं जास्त निभावून न्यावं तितकी यंत्राची तब्येत कागदावर उत्तम. माझ्या निवृत्तीनंतर दोन वर्षांनी बाबूजी निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या मुलाला ना खोडरबर माहीत, ना रात्री येण्याची हौस. पंधरा दिवसांत संगणक बंद पडला. त्याच सत्रात शाळेत नवा आला! बाबूजींना हे कळलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, सुपारी कातरत राहिले.

यंत्र म्हातारं होतं म्हणजे नक्की काय होतं, यावर निकलाउस विर्थ या स्विस संगणकशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये एक लेख लिहिला होता. पास्कल ही संगणकाची भाषा बनवणारे हेच ते. १ जानेवारी २०२४ ला वारले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की यंत्रं जितक्या झपाट्याने वेगवान होतात त्याहून झपाट्याने आज्ञावल्या जड होत जातात. म्हणजे डबा होता तसाच असतो, वरून येणारं ओझं वाढतं. बैल तोच, गाडीत दरवर्षी एक पोतं जास्त. टाइपरायटरच्या जमान्यात पोतं वाढलं नाही. संगणकाच्या जमान्यात पोतं भरणारा मंत्रालयात किंवा दिल्लीत आणि बैल एटापल्लीत, त्यामुळे भरणाऱ्याला बैल दिसतही नाही.

शाळांच्या बाबतीत हे २०१५ ला 'सरल' प्रणाली आली तेव्हा उघड झालं. प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती ऑनलाइन भरायची. भामरागड, एटापल्ली, कोरची, सिरोंचा, जिथे पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटतो, तिथल्या शाळांनाही तेच पोर्टल आणि साधारण तीच मुदत. दिवसा सर्व्हर चालत नसे, म्हणून शिक्षक तालुक्याच्या गावी सायबर कॅफेत रात्री बसत, स्वतःच्या खिशातून तासाचे पैसे देत. माझे दोन विद्यार्थी तेव्हा गडचिरोलीत शिक्षक होते. एकाने मला सांगितलं, "सर, आम्ही रात्री दोन वाजता गुड मॉर्निंग म्हणतो." पगाराच्या 'शालार्थ' प्रणालीने २०१८ च्या जानेवारीत मान टाकली तेव्हा पगारपत्रकं पुन्हा कागदावर आली. त्या महिन्यांत जुन्या लिपिकांना घरून बोलावणी गेली असतील असं मला उगीच वाटतं.

असो. हे सगळे निभावून नेणारे होते. मला ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्यांनी एका टप्प्यावर निभावून नेणं नाकारलं. त्या आपल्या अंगणवाडीच्या बाया.

एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ प्रकल्पांनी सुरू झाली. पोरांना खाऊ घालायचं, वजन करायचं, गरोदर बाईला लसीची आठवण करायची, आणि हे सगळं लिहून ठेवायचं. लिहायला अकरा रजिस्टरं. (आपल्याकडचा कागद बल्लारपूरच्या गिरणीचा, आणि गिरणीचा बांबू आपल्याच जंगलातला. १९४५ ची ती गिरणी. आमची कित्येक रजिस्टरं अशी जंगलातून जाऊन जंगलात परत आली असतील.) हे लिहिणं किती मोलाचं आहे ते गडचिरोलीला वेगळं सांगावं लागत नाही. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने इथे खेड्यातल्या, बेताचं शिकलेल्या बायांकडून बाळांच्या जन्म-मृत्यूच्या काटेकोर नोंदी करून घेतल्या. त्यांच्या घरच्या घरी नवजात बालसेवेचा अभ्यास १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला. २००१ च्या 'कोवळी पानगळ' अहवालाने दाखवलं की सरकारी कागदावर येणारे बालमृत्यू प्रत्यक्षापेक्षा फारच थोडे आहेत. म्हणजे नोंद न होणं याचा अर्थ इथे एखादं लेकरू गेलं आणि ते कुणालाच कळलं नाही, असा होतो.

८ मार्च २०१८ ला पोषण अभियान सुरू झालं. रजिस्टरांच्या जागी मोबाइल. महाराष्ट्रात २०१९ च्या सुमारास सेविकांना फोन मिळाले, राज्यभर लाखाच्या घरात. अंगणवाडीतल्या बाईच्या हातात सरकारने दिलेला हा पहिला संगणक. मोबाइल म्हणजे संगणकच हो, खिशातला. आमच्या नात्यातली एक सून धानोरा तालुक्यात सेविका आहे. तिला फोन मिळाला तेव्हा तिने तो आधी देवापुढे ठेवला होता. त्याची रॅम दोन जीबी. पहिल्या आज्ञावलीला तो कसाबसा पुरला. मग ती आज्ञावलीच बंद झाली आणि १ मार्च २०२१ पासून 'पोषण ट्रॅकर' आला. नवा, जड, आणि सुरुवातीला इंग्रजीतून. जुन्या सेविकांत सातवी-दहावी शिकलेल्या पुष्कळ. नावं इंग्रजीत भरायची. मडावी, आत्राम, कुमोटी, पोटावी, ही आडनावं इंग्रजीत कशी लिहायची याचं एकमत शाळेतही कधी झालं नाही.

फोन तापायचे, अडकायचे, आपोआप बंद पडायचे. जागा भरली की माहिती पुसा, म्हणजे स्वतःचे फोटो आधी पुसा. दुरुस्तीची मुदत संपल्यावर खर्च सेविकेच्या डोक्यावर येऊ लागला. केंद्राचा मोबाइलवरच्या कामाशी जोडलेला ५०० रुपयांचा प्रोत्साहन भत्ता. म्हणजे फोन अडला की तोही अडला. सून सांगायची, "मामाजी, वजन करायला पाच मिनिटं लागते, चढवायला पाऊण तास." ती टेकाडावर जायची, तिथे मोहाच्या झाडाखाली एक जागा आहे, तिथे दोन काड्या नेटवर्क मिळतं. इतर बायाही तिथेच. वर्षभरात त्या झाडाखाली बसायला कुणीतरी दगड लावले.

तोवर ही बाबूजींचीच कथा होती, फक्त खोडरबरच्या जागी मोहाचं झाड. पण ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी आपापल्या प्रकल्प कार्यालयात जाऊन फोन परत केले. मोबाइल वापसी आंदोलन. कार्यालयांच्या टेबलांवर फोनांचे ढीग. "काम करणार, पोरांना सांभाळणार, रजिस्टरात लिहिणार; हा फोन तुमचा, तुम्ही ठेवा." चांगला फोन द्या आणि ट्रॅकर मराठीत द्या, एवढंच मागणं.

मला यात इतिहास दिसतो. आपल्याकडे संप पगारासाठी झाले, बोनससाठी झाले, गिरण्यांचे झाले. हत्यार बोथट आहे म्हणून ते मालकाच्या टेबलावर ठेवून येणं, आणि काम मात्र चालू ठेवणं, हे मी तरी आपल्या भागात पहिल्यांदा पाहिलं. डेडस्टॉकच्या भाषेत बोलायचं तर त्या बायांनी एका दुपारी लाखभर यंत्रांच्या रकान्यातला शेरा स्वतःच बदलला.

याला धाडस लागतं, कारण त्यांचं नोकरीतलं स्थान काय? कर्नाटक राज्य विरुद्ध अमीरबी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितलं की अंगणवाडी सेविकांचं पद हे सरकारी नागरी पद नव्हे. पगार नाही, मानधन. एप्रिल २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने गुजरातमधल्या मणीबेन भारिया यांच्या प्रकरणात त्यांना उपदान मिळण्याचा हक्क आहे असा निर्णय दिला. म्हणजे फोन परत केले तेव्हा हा आधारही हाती नव्हता. त्यांच्या मते सरकार मालक. सरकारच्या मते त्या स्वयंसेवक. फोन हरवला तर मात्र वसुली नोकरासारखी! सुनेच्या सासूबाई, म्हणजे आमच्या वहिनी, त्या दिवसांत फार घाबरल्या होत्या. घरात दुसरं रोख उत्पन्न म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. "मानधन थांबवतील व माय," म्हणत रोज देवाला दिवा लावायच्या. सुनेने फोन परत केल्याचं त्यांना चार दिवस सांगितलंच नव्हतं.

पुढचं थोडक्यात. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. दबाव, नोटिसा, बैठका झाल्या. २० फेब्रुवारी २०२३ पासून बेमुदत संप झाला, त्यानंतर सेविकांचं मानधन ८,३२५ वरून १०,००० रुपये झालं आणि नव्या फोनचं आश्वासन मिळालं. त्याच वर्षी ४ डिसेंबरला पुन्हा संप सुरू झाला, तो जानेवारी २०२४ पर्यंत चालला. ट्रॅकरमध्ये मराठी आली. नवे फोनही आले. सून म्हणते, पहिल्या आठवड्यात तर वाटे की बोट लावायच्या आधीच पान उघडतं.

आणि मग १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या पोषण आहारासाठी चेहरा ओळखण्याची पद्धत सक्तीची झाली. गरोदर बाई आली की तिचा फोटो, आधारशी जुळणी, कुणाच्या तरी फोनवर येणारा ओटीपी. तो फोन बहुतेक नवऱ्याकडे, आणि नवरा तेलंगणात मिरची तोडायला. एक पोतं आणखी चढलं. आमची सून आता एका वेळी दोनच बायांना बोलावते, कारण फोन तापला की चेहरा ओळखत नाही.

दिवाळीत ती आली होती तेव्हा तिच्या पिशवीत दोनशे पानी वही दिसली. मास्तरची खोड, उघडून बघितली. पुढच्या पानांवर पोरांची वजनं, सुबक अक्षरात. मागच्या बाजूने तारखेवार रकाने आखलेले: किती बाया आल्या, चेहरा कितव्यांदा जुळला, फोन किती वाजता हाती घेतला आणि किती वाजता ठेवला. शेवटचा रकाना सहीचा. पर्यवेक्षिका भेटीला येते तेव्हा सून ती वही तिच्यापुढे ठेवते आणि प्रत्येक पानावर सही घेते. पहिल्या वेळी पर्यवेक्षिकेने विचारलं होतं की हे कुठल्या परिपत्रकात आहे. सून म्हणाली, कुठल्याच नाही, पण बाई, तुम्ही पाहिलं ना. तिने सही केली. आता ती मागायच्या आधीच पेन काढते.